बोतिला मावशीने शब्द परत घेतला

माझी बोतिला मावशी उभ्या आयुष्यात सभेत एकदाच बोलली, आणि तेही हातात बिस्किटांची ताटली धरून. पण डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला असलेल्या आमच्या ओस्टरबोल गावात आजही कोणी पुढारी येऊन गोडगोड बोलायला लागला, की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतंच, "अरे, बोतिलाला बोलवा!" तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढारी बिचारा शेजाऱ्याला विचारतो, ही बोतिला कोण? मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती बोलली त्या वर्षी युरोपच्या करारावर देशभर मतदान झालं, त्यात मी स्वतः 'हो' असंच मत टाकलं होतं. मी ट्रक चालवायचो, ऑबेनरोहून हॅम्बर्गला फर्निचर न्यायचो, आणि जर्मनीच्या सीमेवर रांगेत उभं राहून राहून माझं तारुण्य सरत चाललं होतं. युरोप एक झाला तर मला हवाच होता. तेव्हा मावशी माझ्या बाजूची होती म्हणून मी तिचे गोडवे गातोय, असं कोणी समजू नये.

मावशी आमच्या सभाघराच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. तिला त्या जागी कोणी नेमलं नव्हतं आणि तिथून काढायची कोणाची छाती नव्हती. बुटकी, रुंद, आवाज अगदी बारीक. आस्मुसकाका, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा." पण तिने एकदा "करते" म्हटलं की ते झालंच म्हणून समजायचं. एका हिवाळ्यात बर्फाने सगळे रस्ते बंद झाले होते, आणि कोणाच्या तरी लग्नाचा केक द्यायचं तिने कबूल केलं होतं. बाईने केक घसरगाडीवर बांधला आणि शेतांमधून ओढत पलीकडच्या गावी पोचवला. नवरदेव स्वतः दुसऱ्या दिवशी पोचला.

आमच्या भागात सभा म्हटली की कॉफी आणि केक आलेच. सात मऊ, सात कडक. याला कारण आहे. आमचे आजे-पणजे जर्मन कैसरच्या राज्यात होते. डॅनिश माणसांना बैठकीसाठी जागा देईल त्या खानावळवाल्याचा दारूचा परवाना जायचा. म्हणून लोकांनी वर्गणी काढून आपली सभाघरं बांधली, तर त्यांना परवानाच मिळेना. तेव्हा बायका म्हणाल्या, नाही तर नाही, आम्ही कॉफी करतो. घरोघरच्या बायका ईर्ष्येने केक करून आणायला लागल्या, आणि केकवर बंदी कशी घालायची हे काही त्या सरकारला सुचलं नाही. सीमा बदलली, कैसर गेला, पण टेबल तसंच राहिलं.

त्या टेबलाचे नियम कोणी कुठे लिहिलेले नाहीत, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. आधी बन फिरतात, मग मलईचे केक, मग राय ब्रेडचा थरांचा केक, आणि शेवटी कडक बिस्किटं. प्रत्येक ताटली एकेका बाईची. पोट बिघडलंय म्हणून सुरुवातीलाच नको म्हणालात तर कोणी काही म्हणत नाही. पण पहिला बन उचललात की शेवटच्या बिस्किटापर्यंत बसायचं. मधेच उठलात, तर जिची ताटली यायची राहिली तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं आहे. आणखी एक नियम होता, तो मला पुढे पुढे खटकायला लागला. बोलायचं ते बाहेर बसलेल्यांनी. आतल्या बायकांनी भिंतीतल्या खिडकीतून ताटल्या सरकवायच्या आणि ऐकायचं.

बहात्तर साली देशाने मतदान केलं, युरोपच्या बाजारात सामील व्हायचं की नाही यावर. तेव्हा आमच्याकडे प्रेबेन स्टेन्सगोर नावाचा खासदारकीचा तरणाताठा उमेदवार आला होता. देखणा, हसरा. चौदाच्या चौदा केक खाल्लेन, थरांचा केक दोनदा मागून घेतलान, आणि मग उभा राहून म्हणाला, "लोकहो, हा फक्त व्यापार आहे. आपलं डुकराचं मांस, आपलं लोणी चांगल्या भावाने विकलं जाईल. राज्य आपलं आपल्याकडेच राहील. यापलीकडे काही नाही. हा माझा शब्द."

आत स्वयंपाकघरात सिसेलला ते पटेना. सिसेल म्हणजे मावशीची धाकटी जाऊ, आस्मुसकाकाच्या भावाची, येपची बायको. उंच, काटकुळी आणि तोंडाने फटकळ. दोघी जावा दिवसभर एकमेकींची टर उडवत काम करायच्या.

"जर्मनांबरोबर एकाच दावणीला बांधून घ्यायचं?" सिसेल म्हणाली. "माझा आजा थडग्यातून उठून येईल."

"तुझा आजा जिवंतपणी कधी वेळेवर उठला नाही, आता काय उठतोय!" मावशी म्हणाली. "अगं, माणूस चौदाच्या चौदा खाऊन बोलतोय. खोटं बोलणाऱ्याला इतकं जाईल का?"

"तू सांगतेस म्हणून टाकू मत?"

"टाक. माझ्या शब्दावर टाक."

नुसत्या सिसेलनेच नव्हे, त्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांनी बोतिलाच्या शब्दावर 'हो' म्हटलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या शब्दापेक्षा भक्कम वस्तू गावात दुसरी नव्हती.

पहिली काही वर्षं बरी गेली. लोण्याला खरंच भाव आला. येपने जुना गोठा पाडून नवा ऐसपैस गोठा बांधला आणि गाई वाढवल्या. आणि गोठ्याचा रंग वाळतोय न वाळतोय तोच, चौऱ्याऐंशी साली, ब्रुसेल्सहून नियम आला की युरोपात दूध फार झालंय, आता कोणी किती घालायचं ते ठरवून मिळेल. येपला ठरवून मिळालं ते जुन्या गोठ्याच्या मापाचं. त्याने हातापाया पडून पाहिलं. शेवटी गाई विकाव्या लागल्या. त्या न्यायला गाडी आली तेव्हा येप गोठ्यामागे जाऊन उभा राहिला आणि गाडी वळणापलीकडे गेल्याशिवाय पुढे आला नाही. पन्नाशीच्या उंबऱ्यावर तो कत्तलखान्यात नोकरीला लागला, जन्मभर गाईंना नावाने हाक मारणारा माणूस.

त्यानंतरच्या रविवारी आस्मुसकाकाचा वाढदिवस होता. सगळं कुटुंब टेबलाशी होतं, मीही होतो. मावशीने सिसेलपुढे केक ठेवला. सिसेलने तो बाजूला सारला आणि म्हणाली, "तुझ्या शब्दावर, बोतिला." बस, तेवढंच. मग ती उठली आणि आपला कोट घालून निघून गेली.

पुढे आठ वर्षं त्या दोघी त्याच स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून काम करत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. "साखर." "ताटली धर." "ओव्हन बघ." एवढंच चालायचं. सिसेल तिचं नावसुद्धा घेत नसे. बाकीच्या बायका मधे सापडल्यासारख्या गुपचूप कपबशा पुसायच्या. पूर्वी त्या खिडकीतून हसण्याचा इतका दंगा यायचा की बोलणाऱ्याला थांबावं लागे. आता नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

मावशीने कोणाकडे तक्रार केली नाही. पण तिने शब्द द्यायचं सोडलं. मी विचारायचो, "मावशी, रविवारी येशील ना?" तर म्हणायची, "बघू." केक कोणी सांगितला तर, "जमलं तर करीन." करायची सगळं, पण कबूल काही करायची नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, साधं हो म्हणायला काय जातं तुझं?" तर म्हणाली, "अरे नीस, माझ्या 'हो'ने एका माणसाचा गोठा रिकामा झालाय." मला तिचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली, की मी ट्रक काढून चालता झालो.

मधे शहाऐंशी सालीही एकदा मतदान झालं. तेव्हाही कोपनहेगनहून आम्हाला छातीठोकपणे सांगितलं गेलं की युरोपचं एक राज्य वगैरे आता कायमचं मेलं, निश्चिंत राहा. आणि पुढच्या सहा वर्षांत तेच मेलेलं मास्ट्रिख्टच्या करारातून उठून बसलं. एक नाणं, एक नागरिकत्व, पुढेमागे एक सैन्य. कराराची पुस्तकं फुकट वाटली होती. आमच्याकडे ती डुगडुगणाऱ्या टेबलांच्या पायांखाली गेली. लोकांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते नुसते खांदे उडवायचे. "ते काय, करायचं तेच करणार," म्हणायचे, आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. मोठे पक्ष, कामगारांचे पुढारी, वर्तमानपत्रं, सगळे 'हो' म्हणा म्हणून कानीकपाळी ओरडत होते, आणि जितके ओरडत तितका लोकांचा विश्वास उडत चालला होता.

ब्याण्णवच्या मे महिन्यात बातमी आली की सभेला प्रेबेन स्टेन्सगोर येणार. आता तो खासदार होता. सभाघराचा अध्यक्ष लॉरेन्स, पशुखाद्याचा व्यापारी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी तेव्हा मैद्याची पोती उतरवून देत होतो.

"साहेबांना त्याच दुपारी आणखी दोन सभा आहेत," लॉरेन्स म्हणाला. "तेव्हा या वेळी केक नंतर. ते गेले की आपण आपले आरामात खाऊ."

"केक नंतर?" मावशी म्हणाली.

"हो. प्रश्नही दोन-तीनच घेऊ."

"लॉरेन्स, तुझ्या बारशाचा केक मी केला होता. तो काही नंतर केला नव्हता."

बायका खुसखुसल्या. लॉरेन्सचे कान लाल झाले. "बोतिला, उगाच फाटे फोडू नकोस."

"बरं बाबा. नुसती कॉफी तरी देऊ का, की तीही ते गेल्यावर?"

"कॉफी द्या की."

"कोरडी कॉफी बरी दिसते का पाहुण्याला? सोबत एक बन ठेवते."

"ठेव, एक बन ठेव," म्हणून लॉरेन्स घाईघाईने गेला. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला माणूस, पण खासदाराच्या घाईत आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं नाही. सिसेलच्या मात्र आलं. ती भांडी घासता घासता थांबली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्या जावेकडे डोळे वर करून पाहिलं.

सभेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेतं टोकापर्यंत दिसत होती. सभाघर खचाखच भरलं होतं. लोक करारासाठी आले होते की केकसाठी, हे मला सांगता येणार नाही. स्टेन्सगोरचे केस पिकले होते, पण हसू तेच होतं. बोलला छान. शांतता, शेजारधर्म, तरुणांचं भविष्य. मला पटत होतं. मग टाळ्या पडल्या, कॉफी आली, आणि बोलता बोलता त्याने समोरचा बन उचलून एक घास घेतला.

सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

"घेतलान!" मागून एक म्हातारा म्हणाला.

त्याच क्षणी खिडकीतून दुसरी ताटली आली. मग तिसरी. स्टेन्सगोरने घड्याळ पाहिलं आणि कोटाकडे हात नेला. लॉरेन्सचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो वाकून म्हणाला, "साहेब, आता बसावं लागेल."

"पण मला पुढच्या गावी…"

"बन घेतलात, साहेब."

स्टेन्सगोरने हातातल्या अर्ध्या बनकडे पाहिलं. त्याला आठवलं असावं, कारण त्याने हसून कोट परत टांगला आणि बसला. लोकांनी खुशीत टेबलं बडवली. आणि मग मावशीने आतून ताटल्या अशा सावकाश सोडायला सुरुवात केली, की बाहेर गप्पांशिवाय लोकांना दुसरा उद्योगच उरला नाही. दोन-तीन प्रश्नांचे वीस प्रश्न झाले. स्टेन्सगोर प्रत्येकाला उत्तर देत होता. उत्तरं त्याला पाठ होती, आणि ती ऐकताना लोक पुन्हा खांदे उडवायला लागले होते. मला वाटलं, झालं, बिस्किटं संपतील आणि हा सुटेल.

शेवटची ताटली मावशीची असायची. ती खिडकीतून आली नाही. दार उघडलं आणि एप्रन बांधलेली मावशी ताटली घेऊन बाहेर आली. तिला त्या बाजूला आलेली पाहायची कोणाला सवयच नव्हती. ती सरळ स्टेन्सगोरच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. ताटली काही तिने खाली ठेवली नाही.

"प्रेबेन स्टेन्सगोर," ती म्हणाली, "मला ओळखलंत?"

"चेहरा ओळखीचा वाटतो, बाई."

"नाही वाटणार. मी त्या खिडकीच्या आत असते. वीस वर्षांपूर्वी तुम्ही इथेच उभं राहून सांगितलंत की हा फक्त व्यापार आहे, यापलीकडे काही नाही. शब्द दिलात. तो मी आत नेला आणि माझा म्हणून या बायकांना दिला. त्यांनी मतं टाकली. आता तुम्ही म्हणता नाणं एक, नागरिक एक. असेल चांगलं. मला एवढंच सांगा, तेव्हा तुम्ही आम्हाला फसवलंत, की तुम्हालाच माहीत नव्हतं?"

लॉरेन्स अर्धवट उठला. "बोतिला, अगं वेळ…"

"बस रे खाली, लॉरेन्स!" मागच्या भिंतीशी उभा असलेला येप म्हणाला. येप सभेत कधी बोलत नसे. लॉरेन्स बसला.

"हे बघा बाई," स्टेन्सगोर म्हणाला, "गेल्या वीस वर्षांत परिस्थिती इतकी बदलली आहे की…"

"परिस्थितीला मी काही विचारलं नाही. तुम्हाला विचारलंय."

लोक हसले, पण मावशी हसली नाही. ताटली तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. मला वाटत होतं ती आता रडेल, आणि ती रडली असती तर मी त्या खासदाराला उचलून बाहेर टाकला असता, माझ्या 'हो'सकट.

स्टेन्सगोरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याचं ते हसू गेलं होतं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला जे वाटत होतं तेच मी सांगितलं. पण शब्द द्यायला नको होता. तो माझ्या हातातला नव्हताच."

"मला नका सांगू. तिला सांगा. गाई तिच्या गेल्या."

मावशीने मानेने खिडकीकडे खूण केली. तिथे सिसेल ओलं फडकं हातात घेऊन उभी होती. आणि मी त्या माणसाला मानलं, तो खरंच उठला. सगळ्या टेबलांमधून वाट काढत खिडकीपर्यंत गेला. खिडकी ठेंगणी आहे, आत बघायचं तर कमरेत वाकावं लागतं. खासदार वाकला.

"बाई, मी चुकीचा शब्द दिला. तुमचं त्यात नुकसान झालं. मला माफ करा."

सिसेलने हातातलं फडकं खिडकीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाली, "चांगल्या गाई होत्या हो."

"असतीलच," तो म्हणाला.

तो परत येऊन बसला. मावशी तशीच उभी होती.

"आता एकच," ती म्हणाली. "या वेळी इथेच थांबणार, याच्यापुढे आम्हाला न विचारता काही होणार नाही, असा शब्द देता?"

त्याला 'देतो' म्हणणं किती सोपं होतं! सभा जिंकून, कोट घालून पुढच्या गावी गेला असता.

"नाही," तो म्हणाला. "नाही देऊ शकत."

"ठीक. मग मीही नाही देत." ती खिडकीकडे वळली आणि तिचा तो बारीक आवाज अख्ख्या सभाघरात ऐकू गेला. "बायांनो, बहात्तर साली दिलेला शब्द मी परत घेते. आता जिने तिने आपल्या डोक्याने बघायचं." मग तिने ताटली स्टेन्सगोरपुढे ठेवली. "घ्या. ही शेवटची."

त्याने बिस्किट घेतलं. आणि मग जे लोक पाय आपटायला लागले! फळ्यांची जुनी जमीन, असा दणदणाट झाला की भिंतीवरची जुन्या राजाची तसबीर तिरकी झाली. गेली कित्येक वर्षं नुसते खांदे उडवणारी माणसं ती, आता उठून उभी राहिली होती. मीही पाय आपटत होतो. मत माझं बदललं नव्हतं, पण त्या घटकेला मला माझ्या मावशीचा इतका अभिमान वाटला की मला कशाचंही भान राहिलं नाही.

दोन जूनला त्याच सभाघरात मतदान झालं. रोगराई पसरल्यावर दवाखान्यात लागते तशी सकाळपासून दारात रांग. जे कधी मतदानाला फिरकत नव्हते तेही आले होते. संध्याकाळी, ऊन अजून खिडकीत असताना, टेबलांवर मतं मोजली आणि लॉरेन्सने आवंढा गिळून निकाल वाचला. आजूबाजूची बहुतेक गावं 'हो' म्हणाली होती. ओस्टरबोल 'नाही' म्हणालं होतं, थोडक्यात, पण स्वच्छ. आणि मग रेडिओवर सांगितलं की सगळा देशच तसा म्हणाला आहे, केसाच्या अंतराने. पन्नास लाखांचा आमचा टीचभर देश, पण त्या संध्याकाळी युरोपातल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे म्हातारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, बाहेर रस्त्यावर गाणी चालली होती. येपने लॉरेन्सला उचलून गोल फिरवलं, आणि लॉरेन्स 'हो'वाला असूनही हसत होता. (त्याच महिन्यात आमच्या पोरांनी फुटबॉलमध्ये युरोपचा चषकही मारला, अंतिम सामन्यात जर्मनीलाच हरवून. तो महिना आम्ही जमिनीवर चालत नव्हतो.)

ऑबेनरोहून रेडिओचा एक पोरगेला बातमीदार आला होता. कोणीतरी त्याला मावशीपुढे उभं केलं.

"आजी, तुमचा युरोपवर इतका राग का?"

"राग? माझी धाकटी बहीण जर्मनीत, फ्लेन्सबर्गला दिली आहे. दर महिन्याला जाते मी. फार चांगली माणसं आहेत."

"मग 'नाही' का म्हणालात?"

"विचारलं म्हणून," मावशी म्हणाली. "नाही ऐकून घ्यायची तयारी नव्हती, तर विचारायचंच कशाला?"

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याने ऐकलं. पण मी जे ऐकलं ते कोणा रेडिओवर आलं नाही. उष्ट्या कपांचा ढीग घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो, तर मावशी एकटीच भांड्यांपाशी उभी होती. हात पाण्यात, पण धूत काहीच नव्हती. सिसेल आत आली. तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एक कप उचलून पुसायला लागली.

"बोतिला," ती म्हणाली.

मावशीने चमकून वर पाहिलं. आठ वर्षांत ते नाव त्या तोंडून निघालं नव्हतं.

"ते परत येतील ना विचारायला?"

"येतील. आता यावंच लागेल त्यांना."

"आले की तुझं काय ते मला सांग. मी तुझ्याच शब्दावर जाईन."

"काय वेडी आहेस का गं?" मावशीचा आवाज फुटला. "एकदा गेलीस ते पुरे नाही झालं?"

"त्याने दिलेला शब्द खोटा निघाला. तुझा कुठे निघाला? तू तर चारचौघांत जाऊन परत घेतलास. आमच्याकडे कोण करतं तसं?" सिसेलने कप ठेवला आणि दुसरा उचलला. "आणि रड काय लावलीस? आजवर मी एवढी तोंड फिरवून होते तेव्हा नाही रडलीस ती."

"तेव्हा तुला दाखवायचं नव्हतं."

"मेली हट्टी," सिसेल म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली. मी कप तिथेच ठेवून मागच्या मागे बाहेर पळालो.

पुढच्या वर्षी, सगळे म्हणत होते तसंच, ते परत आले. करारातून चार बाबतींत डेन्मार्कला सूट मिळाली होती आणि पुन्हा मतदान होतं. सभेचं ठरवायला लॉरेन्स स्वयंपाकघराच्या दारात आला, या वेळी टोपी हातात घेऊन.

"बायांनो, साहेब म्हणतात पूर्ण वेळ काढून येतो. तेव्हा केक आधी की नंतर, ते तुम्हीच सांगा."

"आधी," सिसेल म्हणाली. "आणि वाढणार तुम्ही. आम्ही बाहेर बसणार आहोत."

तसंच झालं. त्या दुपारी आत आम्ही बाप्ये होतो. येपने कॉफी इतकी कडू केली की पहिलं पिंप ओतून द्यावं लागलं, लॉरेन्सने बिस्किटं आधी पाठवली आणि बन मागून, आणि मी थरांच्या केकसकट दारात आपटलो. बाहेरून बायका जे हसत होत्या! मी खिडकीशी वाकून पाहिलं. पहिल्या रांगेत, स्टेन्सगोरच्या अगदी समोर, माझी मावशी आणि तिची जाऊ शेजारी शेजारी बसल्या होत्या, रविवारचे कपडे घालून. त्याचं बोलणं संपलं आणि प्रश्न आहेत का असं त्याने विचारलं, तोच सिसेलचा हात वर गेला. मावशीने तिच्या दुसऱ्या हातातली कपबशी काढून आपल्या मांडीवर घेतली, म्हणजे तिला नीट उभं राहता येईल.